तिसरं पान

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे. या गावातल्या उकिरड्याला तेवढी वाट बघावी लागत नसे. तो खतमावशीच्या हाती पडला की दीड वर्षात त्याचं सोनं होई, आणि ते न्यायला अख्खं गाव टोपल्या घेऊन तिच्या दारात उभं राही.

खतमावशी म्हणजे गावाच्या खताचं बघणारी बाई. उंच, हाडकुळी, लांब नाकाची. त्या नाकावर गावाचा भारी विश्वास. मावशी नाकानं कांदे सोलते, असं कुणी चिडून म्हणालंच तर दुसरा लगेच म्हणे, "सोलू दे, पण खत तिनंच हुंगलेलं हवं." एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूनं तिला ढिगापाशी उभं केलं. ती तिथंच ओकली. सासू म्हणाली, "झालं असेल तर ती टोपली उचल." सासू वाईट नव्हती, पण कौतुकाच्या बाबतीत तिचा हात जरा आखडता होता.

सासूकडून ती जे शिकली ते असं. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, शंभर अंक मोजायचे, सळई काढून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. चटका बसला तर ढीग जिवंत. मग मूठभर खत आवळायचं. त्याचा गोळा झाला पाहिजे आणि अंगठा लावताच फुटला पाहिजे. शेवटी वास. कच्च्या खताचा वास नाकात चढतो आणि पिकलेल्याचा पोटात उतरतो, असं मावशी सांगे. या कामात चाळीस वर्षं गेली. तळहाताच्या रेघा काळ्या झाल्या त्या कुठल्याच साबणानं निघाल्या नाहीत. लेकीच्या लग्नात व्याही मंडळींसमोर तिनं हात पाठीमागे धरले होते.

पण खताबद्दल शेवटचा शब्द मावशीचाही नव्हता. तो साक्षीच्या कुंड्यांचा होता. ढीग पिकला की चुलीजवळच्या खिडकीत तीन कुंड्या मांडायच्या. प्रत्येकीत अर्धं खत, अर्धी माती आणि घेवड्याचे आठ दाणे. घेवड्याची आधी दोन जाड दळं वर येतात, मग समोरासमोर दोन साधी पानं, आणि पंधरा-सोळा दिवसांनी तीन पात्यांचं पहिलं पान. गाव त्याला तिसरं पान म्हणे. ते सरळ उघडलं की मावशी दारात येऊन एकच शब्द बोलायची, "घ्या." तोवर ढिगाला कुणी बोट लावायचं नाही. "घेवडा खोटं बोलत नाही," सासू सांगायची, "त्याला बोलायला वेळ लागतो एवढंच."

एवढा कडकपणा कशाला, असं सपाटीवरच्या माणसाला वाटेल. सपाटीवर एक वर्ष चुकलं तर एक वर्ष चुकतं. इथं मातीच मुळात टोपलीनं आणलेली. डोंगराच्या कुशीत दगडी ताली रचून सतरा पायऱ्या केलेल्या. पहिली पायरी सगळ्यात वर, पाटाच्या तोंडाशी. सतरावी तळाला, झऱ्याजवळ, आणि ती मावशीच्या लेकीच्या घरची. खत फक्त वरच्या दहा पायऱ्यांना घालायचं. वसंतात पाट सुटला की पाणी पायरीपायरीनं उतरतं आणि खताचं सत्त्व आपोआप खाली पोचवतं. त्या बदल्यात वर्षभरात वाहून तळाला साचलेली माती हिवाळ्यात वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून पुन्हा पाठीवरून वर न्यायची. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण भावाभावांत अबोला असला तरी माती एकत्रच वाहिली जायची.

हे सगळं ठीक चाललं होतं तोवर गुरं होती. मग पोरंसोरं कामाला खाली गेली, गुरं राखायला कुणी उरलं नाही, आणि दोनशेची पन्नास झाली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, गावाच्या सेंद्रिय शेतीच्या गटाचे चिटणीस. त्यांनी एकदा खताच्या शेडच्या दारावर खडूनं लिहून दाखवलं.

"जव गाडीत बसून खाली जातो. बटाटा जातो. त्यांच्याबरोबर नत्र जातं, स्फुरद जातं, पालाश जातं. वर काय येतं?"

"रिकाम्या गोण्या," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे माती दरवर्षी थोडी थोडी उपाशी चाललीय."

मावशीला हे खडूशिवाय कळत होतं. जवाचं पान पाच वर्षांपूर्वी होतं तसं हिरवं राहिलं नव्हतं. म्हणून मास्तरांनी खालच्या शहराबाहेरच्या घोडेस्वारीच्या तबेल्याशी बोलणं केलं. त्यांना लीद टाकायला जागा नव्हती, यांना लीद हवी होती. शरदात चार ट्रक वर आले. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी मावशीच्या नवऱ्याचा जुना मित्र. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो तिला वहिनीच म्हणे. ट्रक बघून तो म्हणाला, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वहिनी, इथं तर नुसती लीदच धाडलीय." सगळे हसले. मावशी पण हसली.

तिनं ती लीद हुंगली, चोळली, गवताचा बारीक चुरा बोटांनी वेगळा करून बघितला. वास स्वच्छ होता. तिनं तिचे मोठे ढीग घातले, चार वेळा उलथले, सळईनं मनगटावर लाल वळ उठेपर्यंत चटके घेतले. इतका गरम ढीग तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. आणि ढिगावर तण म्हणून नव्हतं. कडेला गवताची चार पाती तेवढी. दरवर्षी ढिगाच्या कडेनं चाकवत माजायचा, ती रोज मूठभर पाला खुडून चुलीवर चढवायची. यंदा चाकवताचं एक रोप नव्हतं. मावशीला अभिमान वाटला. ढिगाच्या उष्णतेनं तणाचं बी भाजून निघालं, असं तिनं मास्तरांना सांगितलंही.

आता तिच्या चुकीबद्दल सांगतो. चूक अशी होती की ती फक्त आईच करू शकते.

लागोपाठ दोन वर्षं गारपिटीनं घेवडा झोडपला होता. गावात बियाण्याचा घेवडा उरला तो अकरा वाट्या. हा घेवडा बाहेरून आणता येत नाही. बाहेरचा इथल्या थंडीत तग धरत नाही, हे दोनदा करून बघितलं होतं. तेव्हा गावानं ठरवलं की अकराच्या अकरा वाट्या सतराव्या पायरीवर पेरायच्या. ती सगळ्यात उबदार पायरी, तिथं बी वाढवायचं आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना वाटायचं. जबाबदारी मावशीच्या लेकीवर आली. लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा गावाचं काही अंगावर घेतलं होतं. साक्षीच्या कुंड्यांसाठी चोवीस दाणे बाजूला काढून मावशी खिडकीशी उभी राहिली, तेव्हा लेक वाट्या न्यायला दारात आलेली होती. मावशीनं हातातले दाणे पाहिले. पोरीला चोवीस झाडं कमी कशाला, असं तिच्या मनात आलं. तिनं ते दाणे लेकीच्या वाटीत टाकले आणि कुंड्यांत जव पेरला.

जव काळाभोर उगवला. असा जव कुणी पाहिला नव्हता. मावशी दारात आली आणि म्हणाली, "घ्या." दहा पायऱ्यांवर खत पसरलं गेलं, त्यात जव पेरला गेला, आणि गावानं बऱ्याच वर्षांनी सुटकेचा श्वास टाकला.

पाट सुटायला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा तिसऱ्या पायरीची शिंपीण सकाळी मावशीकडे आली. ती गावाचे कपडे शिवायची. जवाच्या कडेला तिनं बटाट्याच्या दोन ओळी लावल्या होत्या, त्यातलं एक रोप उपटून तिनं आणलं होतं.

"मावशी, हे बघा ना. थंडीनं असेल का?"

मावशीनं रोप हातात घेतलं. थंडीनं पान काळं पडतं, लुळं पडतं. हे पान हिरवंगार होतं, टवटवीत होतं, फक्त वाढत होतं ते भलतीकडे. शेंडा आत वळून गुंडाळला होता. पानांच्या कडा वाटीसारख्या आत आल्या होत्या. देठ पिळवटला होता. रोप जिवंत होतं आणि नीट वाढायचं कसं ते विसरलं होतं.

"असेल थंडीनं," मावशी म्हणाली. चाळीस वर्षांत खताबद्दल ती पहिल्यांदा खोटं बोलली.

शिंपीण गेली. मावशी ढिगापाशी गेली. अजून एक अर्धा ढीग शिल्लक होता. ती त्याच्याभोवती एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग गुडघे टेकून कडेच्या मातीत बघत बसली. वसंत ऐन भरात होता. शेडच्या मागे, रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत चाकवत वीतभर झाला होता. ढिगाच्या कडेला गवत होतं. फक्त गवत. रुंद पानाचं काही म्हणजे काही नव्हतं. ज्याचा तिला अभिमान वाटला होता ते आता तिच्यासमोर नीट दिसत होतं.

तिनं मास्तरांच्या फोनवरून तबेल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस सज्जन होता.

"लिदीत काही घातलं होतं का हो?"

"छे. काहीच नाही. आम्ही घोड्यांना औषधसुद्धा विचारून देतो."

"आणि गवत?"

"गवत एक नंबर असतं आमचं. ज्याच्याकडून घेतो त्याच्या कुरणात एक काटेरी झुडूप सापडायचं नाही तुम्हाला. निव्वळ गवत."

"कसं काय?"

"फवारतो तो काहीतरी. रुंद पानांचं तेवढं मरतं. गवताला काही होत नाही, घोड्यांना काही होत नाही. वर्षानुवर्षं चाललंय."

मावशीनं फोन ठेवला. गवताला काही होत नाही. जव म्हणजे तरी काय, गवतच. तिच्या तिन्ही साक्षीदारांना विषाची भाषाच कळत नव्हती, आणि त्यांची साक्ष काढून तिनं गावाला "घ्या" म्हटलं होतं. जे औषध घोड्याच्या पोटातून, ढिगाच्या आगीतून आणि तिच्या नाकाखालून सहीसलामत आलं, ते आता दहा पायऱ्यांवर पसरलेलं होतं. जवाला ते चढलं नव्हतं. ते मातीत बसून पाण्याची वाट बघत होतं. पाट सुटला की सत्त्व जसं खाली जातं तसं तेही जाणार होतं, पायरीपायरीनं, आणि सगळ्यात शेवटी सतराव्या पायरीवर थांबणार होतं. तिथं गावाचा सगळा घेवडा होता.

ती तशीच लेकीकडे उतरली. सतराव्या पायरीवर घेवडा बोटभर वर आला होता, ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ. लेक ओळीत वाकून खुरपत होती. मावशीनं तिथंच बांधावर बसून तिला सगळं सांगितलं, जवाच्या कुंड्यांसकट.

लेकीनं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते चोवीस दाणे मी मागितले नव्हते, आई."

"नव्हते मागितलेस."

"मग?"

लेक घरात गेली. नांग्या भरायला, म्हणजे जिथं बी उगवलं नाही तिथं पुन्हा टोचायला, तिनं मूठभर दाणे राखून ठेवले होते. त्यातले आठ मोजून तिनं आईच्या हातावर ठेवले. "एकच कुंडी होईल," ती म्हणाली. "आणि आई, मलाही पाणी हवंय. पाट सुटला नाही तर हे वाळेल."

त्या दिवशी पाट सुटायला बारा दिवस उरले होते. तिसऱ्या पानाला लागतात पंधरा-सोळा.

मावशीनं कुंडी मांडली आणि संध्याकाळी शेडमध्ये गाव जमवून सगळं सांगितलं. माझं चुकलं, असं ती सरळ म्हणाली. वरच्या पायऱ्या खरवडायला हव्यात, निदान पाट तरी थांबवा. गाव ऐकत होतं आणि एकमेकांकडे बघत होतं. चाळीस वर्षं ज्या बाईच्या शब्दाला कुणी प्रश्न विचारला नाही, तिनं स्वतःच्या शब्दाला खोटं म्हटलं तर विश्वास कोणत्या शब्दावर ठेवायचा? आणि जव तर बाहेर डोलत होता.

"मावशी, तुम्ही थकलाय," पहिल्या पायरीवाला प्रेमानं म्हणाला. या प्रेमाचा तिला जेवढा राग आला तेवढा शिवीचा आला नसता.

मास्तर म्हणाले, "दोन ओळी बटाट्यावरून दहा पायऱ्या खरवडायच्या? प्रयोगशाळेचा दाखला आहे माझ्याकडे. नत्र भरपूर आहे, सगळं भरपूर आहे."

"त्यांनी हे शोधलं होतं का?"

"जे शोधायचं असतं ते शोधलं."

शेवटी ठरलं ते असं, की कुंडी काय म्हणते ते पाट सुटायच्या दिवशी बघू.

ते बारा दिवस मावशीला झोप अशी लागली नाही. कुंडी चुलीच्या उबेला होती. सहाव्या दिवशी दळं वर आली, धष्टपुष्ट. येणारा-जाणारा खिडकीतून डोकावू लागला. नवव्या दिवशी दोन साधी पानं सुटू लागली, बाराव्या दिवशी सकाळी ती तळहातासारखी सपाट उघडली. सुरेख पानं. मास्तरांनी चष्मा लावून ती बघितली आणि खिडकीबाहेरच्या लोकांना म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा झाली. ठणठणीत आहे."

"ही पानं दाण्यातूनच तयार होऊन येतात," मावशी म्हणाली. "त्यांनी अजून या मातीचं काही खाल्लेलं नाही. तिसरं पान बघा."

"मावशी, जव पिवळा पडायला लागलाय."

"तीन दिवस. फार तर चार."

लोक बोलून बोलून थकले होते. त्यांनी आता बोलणंच थांबवलं आणि पाटकऱ्याकडे बघितलं. त्यानं खांद्यावर फावडं टाकलं.

मावशी त्याच्या आधी निघाली. साठीला टेकलेली बाई सतरा पायऱ्यांच्या कडेची वाट चढत होती आणि खालून सगळं गाव बघत होतं. वाटेत ती एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा चालू शकली नसती. पाटाच्या तोंडाशी जाड लाकडी फळी खाचेत बसवलेली असते. तिच्यामागे वितळलेल्या बर्फाचं पाणी काठोकाठ भरून गप्प उभं होतं. मावशी त्या फळीवर जाऊन बसली. पाण्याचा गारठा तिच्या पाठीतून शिरला.

पाटकरी धापा टाकत आला. फावडं रोवून तिच्यासमोर उभा राहिला.

"ऊठ, वहिनी."

"नाही."

"माझी पायरी दुसरी आहे. माझाही जव आहे तिथं."

"माहीत आहे, भाऊजी. तो जव मीच तुम्हाला खराब मातीत पेरायला लावला."

"तू म्हणतेस म्हणून खराब. पान तर सरळ आहे."

"मी म्हणते म्हणून तुम्ही चाळीस वर्षं खत घेतलंत. तेव्हा पान बघायला कुणी आलं नव्हतं."

खाली पायऱ्यांवर जव पसरला होता, काळाभोर, टोकांना किंचित पिवळा. तळाला सतराव्या पायरीचा लहानसा चौकोन आणि त्यात हलणारा एक ठिपका, म्हणजे लेक. तिनं पाटाची वाट बघणं केव्हाच सोडलं होतं. ती झऱ्यावरून घागरीनं पाणी आणून ओळींना घालत होती, एकेका रोपाला ओंजळभर.

"आणि तिसरं पान सरळ आलं तर?" पाटकऱ्यानं विचारलं.

"तर मी पुन्हा कधी खतावर शब्द बोलणार नाही. सळई तुमच्या हातात देईन."

"आणि वाकडं आलं तर?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. "तरीही तेच," ती म्हणाली.

पाटकरी तिच्याशेजारी दगडावर बसला. गावाचा जुना नियम आहे, फळी पाटकऱ्याशिवाय कुणी उचलायची नाही. तो थोडा वेळ गुडघा चोळत राहिला. मग उठून खालच्या लोकांना ओरडून सांगितलं, "गुडघा गेला माझा. चढताना कळ आली. तीन-चार दिवस काही होत नाही आता." गावाला ते पटलं नाही, पण गुडघ्याशी वाद कोण घालणार.

ते दिवस वाईट गेले. जवाची टोकं पिवळी होत खाली उतरली. लोक मावशीच्या दारावरून जाताना बोलणं थांबवू लागले. कुणीतरी खिडकीवर चिखल फेकला. तिनं तो पुसला नाही, फक्त कुंडी आत घेतली.

सोळाव्या दिवशी सकाळी शेंड्यातली घडी सुटली. आठही रोपांचं तिसरं पान उघडलं आणि एकही पान सपाट नव्हतं. कडा आत वळलेल्या, पाती चमच्यासारखी खोलगट, शिरा एका जागी गोळा होऊन फिकट पडलेल्या. देठ पिळवटलेले. मावशी कुंडीसमोर बसली होती. पहिल्यांदा तिच्या मनात काय आलं, तर बरं झालं. आपण खरे ठरलो. तो आनंद क्षणभरच टिकला, पण तो झाला याची तिला पुढे आयुष्यभर शिसारी वाटत राहिली.

तिनं कुंडी उचलून शेडच्या ओट्यावर नेऊन ठेवली. लोक आले, बघून गेले. मास्तर सगळ्यात जास्त वेळ उभे होते. त्यांनी दारावरचा खडूचा हिशोब हातानं पुसला, आणि मग पांढरा हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

पाटकऱ्यानं फळीवर खिळे ठोकले. दहा पायऱ्यांवरचा जव उपटला गेला. खत आणि त्याखालची चार बोटं माती खरवडून टोपल्या भरल्या. या डोंगरात माती नेहमी खालून वर जाते. त्या वर्षी पहिल्यांदा ती वरून खाली गेली, वळणापलीकडच्या ओसाड दगडखाणीत. पिढ्यान् पिढ्या पाठीवरून चढवलेली माती ओतायला दीड महिना लागला. पहिली टोपली मावशीनं नेली आणि शेवटचीही. मधल्या किती नेल्या ते कुणी मोजलं नाही. तिच्याबरोबर चालताना लोक वाट सोडून बाजूला होत. त्यांनी तिला शिवी दिली नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त तिला मावशी म्हणणं हळूहळू बंद झालं. "बाई, जरा सरका," असं म्हणू लागले.

लेकीचा घेवडा जगला. घागरींनी तिच्या खांद्यावर घट्टे पडले, पण शरदात तेवीस वाट्या दाणे निघाले. त्यातली पहिली वाटी तिनं आईपुढे ठेवली.

"साक्षीला," ती म्हणाली.

"आता माझ्याकडे ढीग कुठं आहे?"

"असू दे. तुझ्याकडेच ठेव."

सळई पाटकऱ्याकडे गेली. तो बिचारा मनगट भाजून घेतो आणि संध्याकाळी गुपचूप येऊन विचारतो, वहिनी, एवढा चटका बरोबर आहे ना. ती उत्तर देत नाही. दिला शब्द ती पाळते. वरच्या दहा पायऱ्यांवर माती इतकी पातळ झाली आहे की फावडं मारलं की खडक वाजतो. जुन्या ढिगाच्या जागी दर वसंतात ती जाऊन गुडघ्यांवर बसते. दोन वसंत झाले. गवत येतं. चाकवत अजून आलेला नाही.

मास्तरांनी तबेल्याला पत्रं लिहिली, कुरणवाल्याला लिहिली, सरकारी कचेरीत लिहिली. उत्तरं आली, ती सगळी सभ्य होती. आणि मग गेल्या शरदात एका दुपारी गावाच्या रस्त्यावरून लिदीनं भरलेला ट्रक वर गेला. हा रस्ता आपल्या गावात संपत नाही. तो आणखी तीन गावांना जातो, डोंगर चढत. तिथंही गुरं कमी झालीत, तिथली मातीही उपाशी आहे, आणि तिथंही कुणी एखादा मास्तर असेलच.

तेव्हापासून खतमावशी वळणावर दगडावर बसलेली असते. कमरेच्या पिशवीत घेवड्याची वाटी असते. ट्रक चढणीला हळू होतो तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहते. ड्रायव्हर ब्रेक मारतो, शिवी तोंडात येते, पण एवढी म्हातारी बाई बघून गिळतो.

"हे आठ दाणे घे," ती सांगते. "जिथं माल उतरवशील तिथल्या बाईच्या हातात दे. म्हणावं, कुंडीत अर्धं खत, अर्धी माती. तिसरं पान उघडेपर्यंत ढिगाला हात लावू नका. दुसऱ्या पानावर भुलू नका. आणि जव पेरू नका."

"बरं आजी."

"काय सांगितलं मी?"

"तिसरं पान."

तो दाणे खिशात टाकतो आणि गियर बदलतो. आतापर्यंत असे अकरा ट्रक गेले. वरच्या तिन्ही गावांतून एकदाही कुणी काही विचारायला आलं नाही, निरोप आला नाही. ट्रकच्या मागच्या फळीतून लीद थोडी थोडी सांडत जाते. या वसंतात मावशी त्या सांडलेल्या रेघेनं वळणापासून पुढे चालत गेली, दम लागेपर्यंत. रस्त्याच्या कडेला सगळीकडे चाकवत होता, माठ होता, निळी-पिवळी फुलं होती. रेघेवर मात्र वर, दिसेल तिथवर, नुसतं गवत होतं.